मुंबईची मध्यवस्ती सोडू नका!

गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी एक तरुण जोडपे आमच्या कार्यालयात आले. नवरा बँकेत नोकरीला, बायको महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. दोघेही आपल्याच समाजाचे, दोघेही पदवीधर. हातात कागदपत्रांची पिशवी होती. कोर्टाचे काही प्रकरण असेल असे आम्हाला वाटले, पण प्रश्न वेगळाच निघाला. तो तरुण म्हणाला, "सर, आईला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या खोलीच्या बदल्यात नवीन घर मिळाले आहे. एजंट रोज फोन करतो. म्हणतो, हे काढून टाका, बदलापूरला दोन फ्लॅट येतील आणि वर मुलांच्या शिक्षणाला पैसा उरेल. आम्ही नेमके कुठे राहावे, तुम्हीच सांगा."

हा प्रश्न त्या एका घराचा नाही. आज वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या हजारो घरांत जेवताना हीच चर्चा चालू आहे. म्हणून त्या जोडप्याला जे सांगितले ते सर्वांसमोर मांडणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आधी ही घरे म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने गिरणी कामगारांसाठी सिमेंट-काँक्रीटच्या चाळी बांधल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, आणि संडास सार्वजनिक. अशा एका खोलीत आपल्या दोन-दोन, तीन-तीन पिढ्या जगल्या. कोकणातून, सातारा-पुण्याकडून, मराठवाड्यातून आलेला आपला माणूस गिरणीत, गोदीत, रेल्वेत आणि महापालिकेत राबला, पण राहिला या शहराच्या पोटात. आता म्हाडाच्या पुनर्विकासात त्याच जागेवर ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती किल्ल्या आल्या. ज्याच्या पणजोबाला गावात पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्याचा पणतू आज देशातल्या सर्वांत महाग शहराच्या मध्यभागी घरमालक झाला आहे. बांधवांनो, ही साधी गोष्ट नाही!

आणि नेमके याच क्षणी दलाल दारात उभा आहे.

दलालाला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. दलाल त्याचा धंदा करतो. आम्हाला चिंता आहे ती आपल्या मनाची. म्हणून आम्ही त्या तरुणाला विचारले, "पैशाचे बाजूला ठेवा. तुम्हाला स्वतःला इथे राहावेसे वाटते की नाही?" तो गप्प झाला. उत्तर त्याच्या पत्नीने दिले. चाळ पाडल्यानंतरच्या काळात त्यांनी दादर भागात भाड्याचे घर शोधले होते. एका ठिकाणी घर पसंत पडले, भाडे ठरले, टोकन द्यायची वेळ आली आणि मालकाने आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "घरात पाहुणे येणार आहेत, सध्या द्यायचे नाही." दुसऱ्या ठिकाणी आडनाव विचारलेच नाही. "गाव कुठले? कुलदैवत कोणते? गणपती बसवता का?" एवढेच विचारले. उत्तर ऐकून तिथेही पाहुणे आले! ती भगिनी म्हणाली, "सर, तेव्हापासून यांचे मन उडाले. म्हणतात, इथे लोकांच्या नजरा झेलण्यापेक्षा बदलापूरला आपल्या माणसांत राहू."

म्हणजे प्रश्न दोन फ्लॅटचा नव्हताच, अपमानाचा होता. आणि अपमान झाल्यावर माणूस जागा सोडतो, हेच तर जातीयवाद्यांना हवे असते.

आम्हाला हे नवे नाही. वीस वर्षांपूर्वी वकिलीची सनद घेऊन आम्ही मुंबईत घर शोधत होतो तेव्हा काळा कोट पाहून एका मालकाने चहा पाजला आणि नाव ऐकून कप उचलून नेला. कायद्याची पदवी खिशात असूनही आम्ही त्या दिवशी तक्रार केली नाही, मुकाट्याने जिना उतरलो. त्याची लाज आम्हाला आजही वाटते. तीच चूक या तरुणांनी करू नये, यासाठीच हा लेखनप्रपंच.

बाबासाहेबांनी घर कुठे आणि कसे निवडले, हे या निमित्ताने आठवावे लागेल. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात एकही हिंदू खाणावळ त्यांना ठेवून घेईना. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली करण्याचा हुकूम देऊन गेला. मित्रांनी आसरा दिला नाही. एवढ्या मोठ्या विद्वानाला बागेतल्या झाडाखाली बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहावी लागली. 'घर नाकारले' ही आमच्या समाजासाठी किरकोळ तक्रार का नाही, ते ज्याला कळत नसेल त्याने बडोद्याचा हा प्रसंग वाचावा.

पण पुढे बाबासाहेबांनी काय केले? त्यांनी शहर सोडले नाही. १९१२ पासून १९३४ पर्यंत, मधली परदेशातली वर्षे वगळता, ते परळच्या बीआयटी चाळीत राहिले. कामगारांची चाळ, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. माता रमाईने तिथेच कष्टाचा संसार केला. 'मूकनायक' १९२० मध्ये परळमधूनच निघाला. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली ती परळच्याच दामोदर हॉलमधून. आपल्या माणसांच्या हाकेच्या अंतरावर आणि कोर्ट-कॉलेजच्याही अंतरात, अशी ती जागा होती.

आणि पुढे घर बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी गावकुसाबाहेरची जागा शोधली नाही. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले. हिंदू कॉलनी हा दादर-माटुंग्याच्या नियोजित वसाहतीचा भाग. रुंद रस्ते, झाडी, शाळा, जवळच रेल्वे. सुशिक्षित सवर्णांची ती वस्ती. त्या वस्तीच्या मध्यभागी, मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव देऊन, हजारो ग्रंथांसाठी घर उभे राहिले. बडोद्यात ज्याला नाव बदलून राहावे लागले त्याने दादरला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अटीवर घर बांधले. आम्ही याला केवळ घर म्हणत नाही, हे अपमानाला दिलेले उत्तर आहे.

आता कोणी म्हणेल, १९४२ साली नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांची मागणी बाबासाहेबांच्याच नेतृत्वाखाली झाली होती, त्याचे काय? झाली होती, आणि ती खरीच होती. पण ती मागणी खेड्यासाठी होती. खेड्यात महारवाडा गावाच्या भाकरीवर, गावाच्या मर्जीवर जगत होता. त्या गुलामीतून सुटण्यासाठी स्वतःची जमीन, स्वतःचे गाव हवे होते. शहराचे गणित वेगळे आहे. शहरात रोजगार गावकीच्या हातात नसतो, रेल्वेच्या डब्यात जात विचारून जागा मिळत नाही, आणि नोकरीची परीक्षा देताना पाटलाची परवानगी लागत नाही. म्हणून बाबासाहेबांनी आपल्याला शहराकडे वळायला सांगितले. दोन्ही विचारांचे सूत्र एकच आहे. आपण कुठे राहायचे ते आपण ठरवायचे, दुसऱ्याने नाही. आज दलाल आणि घरमालक मिळून ते ठरवणार असतील तर आपण बाबासाहेबांच्या मार्गावरून ढळलो असे समजावे.

मध्यवस्तीत राहिल्याने मिळते काय? भावनेचे सोडा, हिशेब करू. बदलापूर ते दादर लोकलचा प्रवास साधारण सव्वा तासाचा. घरापासून स्टेशन, गाडीची वाट, स्टेशनपासून कचेरी धरली तर दोन्ही वेळचे तीन तास सहज जातात. वर्षाचे तीनशे दिवस धरा. नऊशे तास झाले. म्हणजे वर्षातले सदतीस दिवस आणि सदतीस रात्री आपला माणूस लोकलच्या दारात लटकत घालवतो! हे तास कोणाचे? मुलांच्या अभ्यासाचे, विहारातल्या वर्गाचे, संघटनेच्या बैठकीचे, आणि घरातल्या स्त्रीच्या विश्रांतीचे. नोकरी करणाऱ्या भगिनीला तर पहाटे चारला उठून डबे करून गाडी पकडावी लागते. स्वस्त घराची किंमत पैशात कमी असते, पण ती आयुष्यात वसूल होते.

दुसरा हिशेब संस्थांचा. परळला केईएम रुग्णालय १९२६ पासून आहे, टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून. गावाकडचे नातेवाईक उपचाराला येतात तेव्हा ते कोणाच्या घरी उतरतात? परळ-वरळी-नायगावच्या त्या १६० फुटांच्या खोलीतच ना? बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते गेली कित्येक दशके फोर्टात आहे. विधी महाविद्यालय १९५६ चे. आम्ही तिथलेच विद्यार्थी. उच्च न्यायालय, विद्यापीठ, मोठी ग्रंथालये, नाट्यगृहे, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, मंत्रालय, हे सारे शहराच्या याच पट्ट्यात. ज्याचे घर इथे त्याचा मुलगा सभेला चालत जातो, व्याख्यान ऐकतो, मोर्चात सामील होतो. शहाणपण पुस्तकातून येते तसे ते रस्त्यावरूनही येते.

तिसरा हिशेब चळवळीचा. चैत्यभूमी दादरला, राजगृह दादरला, आंबेडकर भवन दादरला, इंदू मिलचे स्मारक दादरला. २५ जून २०१६ रोजी पहाटेच्या अंधारात आंबेडकर भवन आणि तिथला बाबासाहेबांच्या काळातला बुद्धभूषण छापखाना पाडला गेला. ७ जुलै २०२० रोजी राजगृहाच्या आवारात घुसून नासधूस करण्यात आली. अशा वेळी पहिल्या तासात धावून जातात ते जवळ राहणारे. पन्नास किलोमीटरवरून माणूस येईपर्यंत ढिगारा उचललेला असतो. ६ डिसेंबरला गावोगावाहून लाखोंचा जनसागर लोटतो. त्यांना पाणी, जेवण, औषध आणि रात्रीचा निवारा देण्यात या चाळींचा वाटा किती मोठा आहे ते सांगायला नको. हा पट्टा आपल्या माणसांनी रिकामा केला तर आपली स्मारके उरतील, पण त्यांच्याभोवती आपला समाज उरणार नाही. स्मारकाला राखणदार पगारी मिळतो, वारस मिळत नाही.

मग बदलापूर, कल्याण, उल्हासनगर, विरार इथे राहणारे आपले लाखो बांधव चुकले काय? मुळीच नाही. परवडत नाही म्हणून माणूस लांब जातो, यात कमीपणा नाही. त्यांनी तिथे विहारे बांधली, अभ्यासिका काढल्या, चळवळ जिवंत ठेवली. त्यांना आमचा मानाचा जयभीम. आमचे म्हणणे ज्यांचे पाय मध्यवस्तीत घट्ट रोवले आहेत त्यांच्यापुरतेच आहे. घेताना परवडत नाही हे समजू शकते, पण आहे ते सोडणे परवडणारे नाही. एकदा विकलेले दादर-वरळीचे घर आपल्या पगारात पुन्हा घेता येत नाही. हा दरवाजा फक्त बाहेरच्या बाजूला उघडतो, हे पक्के लक्षात ठेवा.

आता कायद्याचे बोलू. त्या जोडप्याला आम्ही विचारले, "घर नाकारले तेव्हा तक्रार का केली नाही?" उत्तर ठरलेले होते. "खासगी घर आहे सर, मालकाची मर्जी. त्यात कायदा काय करणार?" सुशिक्षितांतही हाच गैरसमज पसरलेला आहे. म्हणून स्पष्ट सांगतो.

संविधानाच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला भारतात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि हा अनुच्छेद केवळ सरकारला नव्हे, प्रत्येक माणसाला लागू आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. त्याच्या कलम ४ मध्ये स्वच्छ लिहिले आहे की कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, मिळवण्यास किंवा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. हा गुन्हा दखलपात्र आहे. आणि कलम १२ सांगते की कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध झाले असेल तर ते अस्पृश्यतेमुळेच झाले असे न्यायालय गृहीत धरील, तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. एवढे धारदार हत्यार सत्तर वर्षे आपल्या हातात आहे, आणि घराच्या बाबतीत ते म्यानाबाहेर काढणारे आम्हाला क्वचितच भेटले. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यातही २०१६ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला आहे. सोसायटी मिळून एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकत असेल तर तोही मार्ग खुला आहे.

बौद्ध बांधवांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा कायम राहिला आहे. म्हणून जातीचा दाखला घरात तयार ठेवा. तो केवळ नोकरीसाठी नसतो.

सोसायटीचे काय? महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चा. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही, हे त्याचे मूळ तत्त्व. नाकारायचे तर लेखी, कारणांसह. त्यावर निबंधकाकडे दाद मागता येते. पण इथे कायद्याला एक भगदाडही आहे, ते लपवून चालणार नाही. एप्रिल २००५ मध्ये गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की संस्थेने आपले सदस्यत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी केला असेल तर तो बेकायदा ठरत नाही. बदल हवा असेल तर तो कायदेमंडळाने करावा, असाही त्या निर्णयाचा रोख होता. एका छोट्या अल्पसंख्य समाजाच्या प्रकरणातून निघालेले हे तत्त्व उद्या कोणत्या बलदंड जातीच्या हाती कुंपण म्हणून पडेल, याचा विचार व्हायला हवा. दिल्ली परिसरात डॉ. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी केलेले भाड्याच्या घरांचे संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सवर्ण नावाने विचारणा केली की दारे उघडत होती. दलित आणि मुस्लिम नावाने केली की कुठे सरळ नकार, कुठे जादा अटी. म्हणजे आमच्या त्या भगिनीला आलेला अनुभव एका खडूस मालकाचा नव्हता, तो व्यवस्थेचा होता. आपल्या समाजाच्या मतांवर निवडून येणाऱ्या आमदार-खासदारांनी घरातील भेदभावाविरुद्ध स्पष्ट कायदा मागावा. पुतळ्याच्या उंचीवर भाषण करायला सगळे येतात, या विषयावर सभागृहात कोण उभे राहते ते आपण पाहावे.

'फक्त शाकाहारी' ही पाटीही आपण ओळखायला शिकले पाहिजे. कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. आपल्यातही शाकाहारी आहेत. पण जेव्हा 'मासे-मटण खाता का' हा प्रश्न स्वयंपाकघरासाठी नसून माणूस गाळण्यासाठी विचारला जातो, तेव्हा ती चाळणी जातीची असते.

मग करायचे काय? दलालाशी आणि मालकाशी बोलणे शक्यतो लेखी ठेवा, मोबाईलवरचे निरोप पुसू नका. घर पाहायला एकट्याने जाऊ नका, साक्षीदार असू द्या. 'पाहुणे आले' असे सांगितले तर दोन दिवसांनी दुसऱ्या मित्राला त्याच घराची चौकशी करायला सांगा. त्याला घर मिळत असेल तर तो तुमचा पुरावा. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि पोलिसांच्या नागरी हक्क संरक्षण शाखेला प्रत पाठवा. प्रत्येक प्रकरणात शिक्षा होईलच असे आम्ही म्हणत नाही. कोर्टाचा रस्ता लांब आहे हे आमच्याइतके कोणाला ठाऊक? पण पहिल्या दहा तक्रारी नोंदल्या गेल्या की अकरावा मालक आडनाव विचारताना जीभ चावेल.

नव्या घराच्या मालकांना आमच्या काही सूचना आहेत. पहिली, करारपत्र स्वतः वाचा. विक्रीवर बंधने असतात, ती काय आहेत ते म्हाडाच्या कागदावर पाहा, दलालाच्या तोंडून ऐकू नका. दुसरी, बंधन असताना 'पॉवर ऑफ ॲटर्नीवर करून देतो' असे सांगणाऱ्याला दाराबाहेर काढा. अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. यात घेणारा बुडतो आणि देणारा कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. तिसरी, घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करण्याचा मार्ग असेल तर तो जरूर धरा. रात्री दारूच्या गुत्त्यावर सही करून घर घालवल्याची प्रकरणे आम्ही पाहिली आहेत. घरात स्त्रीची सही लागत असेल तर घर टिकते. चौथी, लिफ्ट, पंप, रखवालदार यांचा देखभाल खर्च आज ना उद्या अंगावर येणारच. चाळीच्या भाड्याची सवय असलेल्याला तो जड जाईल, आणि पुष्कळ घरे याच कारणाने विकली जातील. त्यावर उपाय म्हणजे सोसायटीच्या समितीत आपली शिकलेली मुले-मुली बसवा, हिशेब दर महिन्याला फलकावर लावा, आणि निवृत्त व विधवा भगिनींची थकबाकी वाढण्याआधीच त्यांच्या मदतीला जा. पाचवी, इमारतीत अभ्यासिकेसाठी एक खोली मागून घ्या. चाळीच्या व्हरांड्यात, जिन्याच्या दिव्याखाली शिकून आपली माणसे अधिकारी झाली. टॉवरमध्ये दारे बंद होतात, व्हरांडा राहत नाही. व्हरांड्याची जागा अभ्यासिकेने घेतली नाही तर टीव्ही घेईल.

जे नव्याने मध्यवस्तीत भाड्याने किंवा कर्ज काढून घर घेत आहेत, त्यांनाही एक सांगणे आहे. खोली लहान चालेल. स्टेशन, शाळा आणि वाचनालय पायी अंतरावर असावे. पण तिथे गेल्यावर नाव लपवू नका. आपल्यातले काही साहेब चांगल्या सोसायटीत गेले की दारावरची पाटी बदलतात, बाबासाहेबांची तसबीर बैठकीच्या खोलीतून आतल्या खोलीत जाते, आणि गावाकडचा नातेवाईक आला की दार अर्धेच उघडते. असे चोरून राहणे म्हणजे मध्यवस्तीत राहणे नव्हे, ते बडोद्याच्या पथिकाश्रमात राहणे झाले! त्या वेळी बाबासाहेबांपुढे दुसरा इलाज नव्हता, आपल्यापुढे आहे. बुद्धपौर्णिमेला शेजाऱ्यांच्या घरी खीर पाठवा, त्यांच्या सुखदुःखात जा, सोसायटीच्या बैठकीत अभ्यास करून बोला. शेजार कायद्याने उघडतो, पण टिकतो मैत्रीने. तथागतांनी सांगितलेली मैत्री ती हीच.

हे सारे ऐकून ते जोडपे गेले. पुढच्या शनिवारी ते परत आले, बरोबर आई होती. सत्तरी ओलांडलेली माउली, पांढरी साडी, हातात घराच्या कागदांची फाइल. आम्ही विचारले, "आजी, तुमच्या मनात काय आहे?" त्यांनी १९७४ चा जानेवारी सांगितला. वरळीच्या चाळींत दंगल पेटली होती. आमच्या दलित पँथरच्या पोरांवर गच्चीवरून दगड येत होते, पोलिसांच्या काठ्या येत होत्या, आणि त्याच महिन्याच्या १० तारखेला मोर्चात भागवत जाधव शहीद झाला. या आजी तेव्हा नव्या नवरी होत्या. कितीतरी दिवस घरात दिवा न लावता बसल्या होत्या. "लोक म्हणत होते, गावाला निघून जा. आम्ही गेलो नाही." असे म्हणून त्यांनी फाइल टेबलावर ठेवली. "साहेब, दगड खाल्ले तेव्हा जी जागा सोडली नाही, ती आता पैसे घेऊन सोडायची का?"

मुलगा खाली मान घालून बसला होता. मग त्यानेच फाइल उचलून आईच्या हातात दिली. दलालाला काय सांगितले ते आम्ही विचारले नाही. जाताना त्या शिक्षिका भगिनीने एवढेच विचारले, "सर, त्या पाहुणे आलेल्या मालकांचे निरोप अजून माझ्या मोबाईलमध्ये आहेत. उशीर झाला का?"

प्रकरण जुने होत चालले आहे, पण कागद आम्ही तयार करायला घेतले आहेत. आपल्या मोबाईलमध्येही असे निरोप असतील तर ते पुसू नका. आणि हातात किल्ली असेल तर ती सोडू नका.

जयभीम!